पेंढीमागे एक प्रश्न

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत चौऱ्याऐंशी प्रश्न होते. उपप्रश्न यात धरलेले नाहीत. ते धरले असते तर मी आजही तीच भरत बसलो असतो आणि हे लिहायला सवड मिळाली नसती. अशा साठ प्रती पोत्यात घालून मी भंडाऱ्याहून पवनीकडच्या एसटीत चढलो, तेव्हा गाडी मागच्या अंगानं चांगली वीतभर दबली. कंडक्टरनं खिडकीतून वाकून टायर पाहिला आणि मला विचारलं, "सिमेंट हाय का जी?"

"संशोधन आहे," मी म्हटलं.

"मंग मांडीवर घ्या. संशोधनाचं तिकीट नाई आमच्याकडं."

जिल्हा फुटून तेव्हा काही वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा झाला, तशी कचेऱ्यांची कपाटं, खुर्च्या, फायली, पंखे सगळ्यांच्या वाटण्या झाल्या. माणसांच्याही झाल्या. बाबा एका कचेरीत शिपाई होते. त्यांना साहेबानं विचारलं होतं, तिकडे जातो का, जागा वरची मिळेल. बाबा म्हणाले, पोरगा इथं शिकून राहिला, मी नाही जात. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ताटाआधी पाटी असा कायदा होता, आणि बाबा त्या कायद्याचे शेवटचे कडक अंमलदार. म्हणजे माझ्या पदवीपायी एक माणूस जन्मभर शिपाई राहिला. हे ते कधी बोलून दाखवत नसत. बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण मग उलट बोलता आलं असतं.

पदवी समाजकार्यातली. दोन वर्षं संपत आली की एक लघुप्रबंध लिहायचा, त्यावर मार्गदर्शकाची सही घ्यायची, कचेरीत जमा करायचा. माझा विषय होता 'ग्रामीण स्त्रियांचा कौटुंबिक निर्णयप्रक्रियेतील सहभाग'. या विषयावर माझा अधिकार एवढाच की घरातल्या निर्णयप्रक्रियेत माझाही सहभाग नव्हता. अंघोळ आधी की चहा आधी, एवढं मी ठरवायचो आणि आई ते बदलायची.

सर्वेक्षण कसं करावं हे मी ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकातून शिकलो. 'प्रश्न कसे असावेत' या प्रकरणाचं पहिलं पान त्यात शाबूत होतं. 'प्रश्न कसे नसावेत' हे प्रकरण मात्र कुणीतरी मुळापासून फाडून नेलं होतं. ते सगळं मी माझ्या प्रश्नावलीत भरून काढलं.

पुस्तकात म्हटलं होतं, आधी एकदोन जणांवर प्रश्नावली तपासून पाहावी. मी ती आईवर तपासली. ती लाखोरीची डाळ निवडत बसली होती. मी समोर पाट टाकला, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि अगदी आकाशवाणीवरून बातम्या द्याव्या तसं वाचलं, "आपल्या कुटुंबातील आर्थिक, शैक्षणिक व सामाजिक निर्णय घेताना आपले मत विचारात घेतले जाते असे आपणांस वाटते काय? नेहमी, बहुधा, क्वचित, कधीच नाही."

आईनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"कोनाले इचारून राहिला?"

"तुलेच."

"गोष्टी तीन इचारून राहिला अन् उत्तर एक मांगून राहिला. पैशाचं तुह्या बापाले इचार. शाळेचं मीनं ठरवलं, नाईतर तू आता बकऱ्या राखून राहिला असता. अन् सामाजिक म्हंजे काय, लग्नाले जाची ते?"

"कोणत्या खान्यात लिहू मग?"

"मले खडा सापडू दे, मंग सांगते."

सर्वेक्षणशास्त्रातला एक आख्खा धडा, एका वाक्यात एकच गोष्ट विचारावी हा, तिनं डाळीचं सूप न हलवता मला दिला होता. मी तो घेतला नाही. तिच्या प्रतीवर मी लिहिलं, 'उत्तरदात्याने सहकार्य केले नाही'.

त्यानंतर मी विश्रांती घेतली. बरोबरची मुलं गावोगाव हिंडत होती, तेव्हा माझ्यामागं फार कामं होती. दिवाळीनंतर मंडईची जत्रा होती. मंडईनंतर दंडारीचे रात्रभराचे खेळ होते. दंडारीनंतर थंडी होती, आणि थंडीत प्रश्न विचारले की उत्तरं आखडून येतात असा माझा स्वतःचा सिद्धांत होता. मग लग्नं निघाली. एप्रिलात सगळ्यांचे प्रबंध जमा झाले. माझं फक्त मुखपृष्ठ तयार होतं, पण ते फार सुंदर होतं.

बाबा कचेरीतून आले की सायकल भिंतीला टेकवत रोज विचारायचे, "किती झालं?" भात शिजतो का विचारावं तसं. मी म्हणायचो, "होऊन राहिलं." जुलै उजाडला तरी ते होऊनच राहिलं होतं.

माझ्या मार्गदर्शक म्हणजे आमच्या मॅडम. लाखांदूरकडच्या, धानाच्या घरातल्या. अंगानं काडी, बोलणं त्याहून कमी. त्या रागावल्या की चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि मग आपल्याला आपण धूसर दिसतोय असं वाटायला लागायचं. त्यांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, "ऑगस्टची शेवटची तारीख. त्या दिवशी पाच वाजता कचेरीची खिडकी बंद होते. त्याच्या आत माझी सही नसेल तर दोन्ही वर्षं गेली." आणि चष्मा काढून ठेवला.

म्हणून मी जुलैअखेर पोतं घेऊन निघालो. वर्षातले अकरा महिने त्या गावात बायका घरी सापडतात. मी नेमका बारावा महिना निवडला होता.

आसगावला उतरून कोसभर आत एक गाव होतं. गावाची निवड मी शास्त्रीय पद्धतीनं केली होती: तिथून परतीची शेवटची एसटी पकडता येत होती. गावात शिरलो तर दाराला दार बंद. कड्या, कुलपं, अंगणात कोंबड्या. त्या दिवशी संपूर्ण गावात मला प्रतिसाद दिला तो एका बोकडानं. मी ओट्यावर कागद ठेवून पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात त्यानं प्रश्न क्रमांक सतरा ते बावीस खाल्ले. माझे सहा प्रश्न सलग पचवणारा तो पहिला आणि शेवटचा.

बायका कुठं आहेत हे विचारायची गरज नव्हती. कान दिला की ऐकू येत होतं. सगळ्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेल्या होत्या, गावाबाहेर, तलावाखालच्या बांध्यांमध्ये. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, घेरलेला, पाणी साचवलेला धानाचा तुकडा. मी छत्री उघडून धुऱ्यावर उभा राहिलो. खाली अठरा बायका एका रांगेत वाकलेल्या. डाव्या हातात पऱ्हे, म्हणजे धानाची हिरवी रोपं, उजव्या हातानं चिखलात टोचत टोचत सगळ्या एका लयीत मागं सरकत होत्या. या रांगेचा कायदा कडक असतो. एकीनंही मागं राहायचं नाही. जी राहिली तिची पट्टी मोकळी दिसते आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती सगळ्यांच्या तोंडी असते.

रांगेच्या टोकाला होती ती चाल ठरवायची. पंचेचाळिशीची, उंच, नाकात लवंग. सगळ्या तिला मोठीबाई म्हणायच्या. ती नुसती खाकरली तरी वैनगंगेच्या पल्याडचे बगळे उडायचे. मी तिथून काही लांब नव्हतो, त्यामुळं माझी छत्री दोनदा उलटी झाली.

मी धुऱ्यावरून माझी ओळख सांगितली, अभ्यासाचा हेतू सांगितला, माहिती गुप्त ठेवली जाईल असं अर्ध्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडून सांगितलं, आणि पहिला प्रश्न फेकला.

"घरातले निर्णय कोण घेतं?"

"आमीच," मोठीबाई वर न पाहता म्हणाली.

"आमीच," रांग म्हणाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओंजळीतून पाणी सांडावं तसं ते उत्तर वाहत गेलं.

"नवरा तुमचं मत विचारतो का?"

"न इचारून जाईल कुटं?"

रांग हसली. हसताना हात थांबले नाहीत.

"लिव गा बाबू," मोठीबाई म्हणाली. "सगळ्याईचं तसंच लिव."

"वय?"

"माहं पंचेचाळीस. लिव सगळ्याईचं."

"मुलं किती?"

"चार. लिव."

रांगेत एक एकोणीस-वीस वर्षांची होती, हातातला लग्नाचा चुडा अजून नवा. मी तिलाही पंचेचाळीस वर्षांची केलं आणि तिच्या पदरात चार लेकरं घातली. तासाभरात अठरा प्रती भरून झाल्या. माझ्या डोक्यात तेव्हा एकच विचार होता, की बाकीची मुलं घरोघर का हिंडत बसली असतील. मूर्ख होती बिचारी. संशोधनात थोडी दूरदृष्टी लागते आणि थोडा उंच धुरा.

पण त्या दिवशी गावात दुसरी रांग सापडेना. राहिल्या बेचाळीस. मी धुऱ्याच्या टोकाशी एका मोहाच्या झाडाखाली बसलो, डबा खाल्ला, आणि मला माझ्यातली सृजनशक्ती जाणवली. दुपारपासून चहाच्या वेळेपर्यंत मी बेचाळीस बायका जन्माला घातल्या. एकीलाही दाई लागली नाही. वयं दिली पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस. सुटे आकडे द्यायला वेळ नव्हता. दर सातवी बाई ग्रामपंचायतीत निवडून आणली. एक मला जरा आगाऊ वाटली म्हणून तिला सगळीकडे 'क्वचित' दिलं. बाकी कुणावर अन्याय केला नाही. सगळ्यांना समजूतदार नवरे दिले आणि दुपारी दोन तास विश्रांती. अशा गावात मी स्वतः सोयरीक केली असती.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "किती झालं?"

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी सायकल टेकवली आणि बराच वेळ तिचं सीट पुसत राहिले. सीट कोरडंच होतं.

ऑगस्टच्या मध्यावर मॅडमनी साठ प्रती माझ्यासमोर वाचल्या. एकेक पान उलटत, सावकाश. बाहेर पाऊस पडून थांबला, परत पडला.

"पहिल्या अठरा जणी," त्या म्हणाल्या, "सगळ्या पंचेचाळीस वर्षांच्या. सगळ्यांना चार लेकरं. हे गाव आहे की पलटण?"

"मॅडम, तिकडं लग्नं एकाच मांडवात लागतात."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. मला धीर आला. हीच माझी चूक.

"आणि या बेचाळीस फारच गुणी आहेत," त्या पुढं म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी प्रश्न, आणि एकीनंही मधेच उठून गाय हाकलली नाही. एकीचंही लेकरू रडलं नाही. 'ते आल्यावर त्यांनाच विचारा' असं एकीनंही म्हटलं नाही. कागदावर हळदीचा डाग नाही, चहाचा नाही. प्रश्न एकसष्ट, दुपारची विश्रांती. बेचाळिसांचं उत्तर दोन तास."

"गाव प्रगत आहे, मॅडम."

"माझ्या आईचं आयुष्य रोवण्यात गेलं. रोवण्याच्या दिवसांत दुपारी दोन तास झोपणारी बाई मला दाखव. मी तिलाच गाईड करते, तू घरी जा."

मी टेबलाकडे पाहत राहिलो. चष्मा काढलेला होता.

"या साठांवर माझी सही होणार नाही. सोळा दिवस आहेत. तीस आण. जिवंत आण."

घरी बाबांना सांगावं लागलं. मी म्हटलं, परत जावं लागेल. कशापायी, तेही सांगितलं, कारण तोवर माझी सृजनशक्ती आटली होती. बाबा ओरडले नाहीत. ते आत गेले आणि आईला म्हणाले, "याले उद्या डबा लवकर दे. पयली एसटी धरन."

मी गेलो. बांधी दुसरी होती, रांग तीच. लांबूनच मोठीबाईनं मला पाहिलं.

"काहून गा, परत आला? उत्तरं सरली का?"

"मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचं वय सारखं कसं."

रांगेत हसू पसरलं. ती चुडेवाली एवढी हसली की तिची पट्टी मोकळी राहिली आणि शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

"मंग तू लिवलं कायले?" मोठीबाई म्हणाली. "आमी त गंमत केली. शिकला-सवरला पोट्टा, त्याले दिसन का नाई, कोन म्हातारी अन् कोन नवरी."

 मग मी खरं बोललो. म्हटलं, मले एकेकीशी वेगळं बोलाचं हाय. नाई बोललो त सही नाई भेटत, सही नाई भेटली त दोन वर्षं गेली, अन् बापानं माह्यापायी वरची जागा सोडली हाय.

रांग टोचत राहिली. पाण्यात फक्त चुबुक चुबुक आवाज.

"वेगळं कोन बोलन बाप्पा या दिवसाईत," मोठीबाई म्हणाली. "घरी गेलो का सैपाक, सैपाकानंतर पाठ टेकत नाई त कोंबडा आरडते." मग ती प्रथमच सरळ उभी राहिली, कमरेवर हात दाबला आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेंढ्या देनारा तापानं पडला हाय. तू देते का?"

रोवण्यात बायका पऱ्हे लावतात. त्यांच्या हातातले पऱ्हे संपत आले की नवी पेंढी आणून पोचवायचं काम पुरुषाचं. तो एकटाच माणूस रांगेतल्या प्रत्येकीपाशी स्वतंत्रपणे जातो. मोठीबाईनं हे मला समजावून सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पेंढी देतानी इचार. पेंढीमागं एक. दुसरा इचारला त पेंढी डोक्शात घालीन."

मी जोडे काढले, पँट दुमडली आणि संशोधनक्षेत्रात उतरलो. ते क्षेत्र मांडीपर्यंत होतं. पहिल्या पावलाला डावा पाय गेला तो परत येईना. दुसऱ्या पावलाला उजवा त्याला शोधायला गेला. तिसऱ्याला मी पेंढ्यांसकट असा आडवा झालो की बांधीतलं पाणी धुऱ्यावरून पलीकडं गेलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला त्या वर्षी वेगळं पाणी द्यावं लागलं नाही. डोळ्यांतला चिखल काढून पाहिलं तर अठरा जणी सरळ उभ्या. त्या हंगामात रांग थांबली ती एवढीच.

"आता आमी इचारतो," मोठीबाई म्हणाली. "तुमच्या घरी कोन ठरवते गा?"

"आई-बाबा."

"अन् तू काय ठरवते?"

मी आठवायला लागलो. बराच वेळ लागला.

"लिव वो," ती शेजारणीला म्हणाली. "क्वचित."

दुपारपर्यंत मला कळून चुकलं की चौऱ्याऐंशी प्रश्न ही माणसाला विचारायची संख्याच नाही. पेंढी हातात देऊन पाय उपटून पुढच्या बाईकडं जायचं, तेवढ्या वेळात जो प्रश्न मावतो तोच प्रश्न. 'असे आपणांस वाटते काय' म्हणेपर्यंत पाय आणखी खाली जायचा. प्रश्नाला शेपूट असेल तर बाई तोवर चार पऱ्हे पुढं. शिवाय लिहिता येत नव्हतं. हात चिखलाचे, कागद धुऱ्यावर दगडाखाली. उत्तर डोक्यात धरायचं, फेरी संपली की धुऱ्यावर चढून, गवताला हात पुसून, जिच्या तिच्या कागदावर उतरवायचं. डोक्यात जे राहायचं नाही ते विचारण्यात अर्थ नव्हता. पहिल्या दिवशी साठेक प्रश्न त्या चिखलात गेले. अजून तिथंच असतील. त्या शेताला खत कमी लागतं असं ऐकतो. दुसऱ्या दिवशी उरले सात. तेही आईच्या बोलीत. आज कामाले या असं कोनं ठरवलं? घरी सगळ्यात शेवटी कोन जेवते? दुखनं आलं त दवाखान्यात जाचं कोन म्हनते? शेवटचा होता, तुमी एकटीनं ठरवलेली अलीकडची गोष्ट कोनती?

याच प्रश्नाला धुऱ्यावरून सगळ्या रांगेनं 'आमीच' म्हटलं असतं. आता एकेक पेंढी, एकेक बाई, आणि आवाज पाण्याला लागेल एवढा खाली.

"आजची भाजी," एक जण म्हणाली.

मी पुढं गेलो. पुढच्या फेरीला तिनं पेंढी घेताना आपणहून सांगितलं, "तेबी सासूनंच सांगतली होती."

त्याच्या पुढच्या फेरीला ती म्हणाली, "मीठ मीनं टाकलं. ते लिव."

लिहिलं. 'भाजी: सासू. मीठ: स्वतः.' असला खाना माझ्या मूळ प्रश्नावलीत कुठंच नव्हता.

मोठीबाईला मी तोच प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "तुले चिखलात उतरवलं, ते मीनं ठरवलं." मी म्हटलं, घरातलं सांगा ना जी. पेंढी घेऊन तिनं चारपाच पऱ्हे टोचले. मग म्हणाली, "तेच सांगून राहिली. घरातलं काई असतं त तेच नसतं का सांगतलं?" तिच्या आवाजानं एकही बगळा उडाला नाही.

ती चुडेवाली पहिले तीन दिवस माझ्याकडून पेंढी घेऊन नुसती मान हलवायची. चौथ्या दिवशी तिनं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दीड वाक्य असेल. मी धुऱ्याकडं वळलो तर मागून म्हणाली, "भाऊ. ते नोको लिवू."

मी लिहिलं नाही. त्या जागेवर एवढंच लिहिलं: 'उत्तर दिले. परत घेतले.'

अकरा दिवसांत एकतीस जणी झाल्या, दोन रांगांमधल्या. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या आणि मी बदकासारखा चालायला लागलो. खरा पेंढीवाला तापातून उठून आला तेव्हा मोठीबाईनं त्याला सांगितलं की याच्यापेक्षा तू तापात बरा होता, निदान पेंढ्या कोरड्या तरी राहत होत्या.

मग घरात बसून लिहिलं. शेवटच्या तारखेला दुपारी मी मॅडमच्या टेबलावर हातानं लिहिलेला प्रबंध आणि एकतीस कागद ठेवले. वाळलेला चिखल त्यांच्या टेबलावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही. एकेक कागद पाहत गेल्या. 'भाजी: सासू. मीठ: स्वतः.' इथं त्या थांबल्या, ओठ दाबले, पुढं गेल्या. मग त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"तिनं सांगितलं, मॅडम. मग म्हणाली, लिहू नको."

"काय सांगितलं?"

मी टेबलावरचा वाळलेला चिखल बोटानं गोळा करायला लागलो.

"माझ्यापाशी सांगायला काय हरकत? मी मार्गदर्शक आहे तुझी."

घड्याळात पावणेदोन. सही त्यांच्या पेनात होती. आणि मी, ज्यानं बेचाळीस बायका विनासंकोच बोलत्या केल्या होत्या, त्याला या एकीचं दीड वाक्य सांगवेना. "तिनं नको म्हटलं, मॅडम," एवढंच म्हणालो, आणि मनात बाबांना दोन वर्षांचा हिशेब द्यायची तयारी केली.

मॅडमनी चष्मा काढला नाही. कप्प्यातून माझे जुने साठ कागद काढले आणि नव्याशेजारी ठेवले.

"शेवटचं प्रकरण, अभ्यासाच्या मर्यादा. त्यात हे साठही येतील. आत्ता इथं बसून लिही. मग सही."

मी लिहिलं. पहिलं वाक्य यायला वीस मिनिटं लागली: 'संशोधकाने प्रथम बेचाळीस स्त्रिया स्वतः तयार केल्या.' एकदा ते कागदावर आलं आणि मग लेखणी थांबेना. मोहाचं झाड लिहिलं, पलटण लिहिली, बोकड लिहिला. मॅडम समोर बसून तपासत होत्या, लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत होत्या. बोकडाच्या जागी त्यांनी 'स्थानिक अडचणी' असं केलं. पाचला दहा कमी असताना त्यांनी पहिल्या पानावर सही केली, तारीख घातली आणि म्हणाल्या, "पळ."

पळणं शक्य नव्हतं. चिखल्या झालेले पाय टाकत टाकत, भिंतीला धरून मी कचेरीच्या खिडकीपाशी गेलो. कारकून खिडकी ओढत होता. मी प्रबंध तिच्या फटीत घातला. त्यानं नाइलाजानं घेतला, सही पाहिली, पानं मोजली, पुन्हा मोजली.

"एकूण पानं बावन्न," तो म्हणाला. "त्यातल्या मर्यादाच वीस पानं?"

"हो जी," मी म्हटलं. "मर्यादा मोठ्या होत्या."

त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि शिक्का मारला.